विहिरीपासून साठ फूट



आजचा विषय ऐकून नाक मुरडू नका. संडासाच्या टाकीबद्दल लिहिते आहे. आपल्यातली कितीतरी घरं आता शाहूपुरी, शुक्रवार पेठेतून निघून करवीर-हातकणंगले तालुक्यांत शेतात, प्लॉटवर बंगले बांधताहेत. तिथे महापालिकेचं ड्रेनेज नाही. घरातलं सांडपाणी आपलं आपल्यालाच मुरवायचं असतं. स्वयंपाकाच्या ओट्याला ग्रॅनाइट कुठला हे ठरवायला आपण दोन महिने घालवतो आणि टाकीचं काम मात्र गवंडी एका सकाळी ठरवून मोकळा होतो.

आम्हीही शेतात घर बांधायला घेतलं. त्या शेतात सासऱ्यांच्या वेळची विहीर आहे. गावात मुनी महाराजांचा विहार असला की चौक्यासाठी पाणी तिचंच. महाराजांना नळाचं पाणी चालत नाही. सासूबाई पाणी शेंदून दुहेरी कापडातून गाळायच्या आणि गाळणं उलटं करून जिवाणी पुन्हा त्याच विहिरीत अलगद सोडायच्या. नकाशात टाकीची जागा घराच्या मागे होती, त्या विहिरीपासून जेमतेम तीस फुटांवर, आणि तीही चढाच्या बाजूला.

गवंडी म्हणाला, "काकी, सेफ्टी टँकला तळ घालायचाच नाही. पाणी जिरत राहतंय, वीस वर्षं उपसायला नको." आमच्या ह्यांना ते पटलं. मला पटेना. वीस वर्षं उपसायला नको, तर मग ते जातं कुठे? चढावरून खाली, म्हणजे विहिरीकडेच.

सेप्टिक टँक म्हणजे घाण नाहीशी करणारं यंत्र नाही. जड मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर येते, मधलं पाणी बाहेर पडतं. हवेशिवाय जगणारे जिवाणू तळाचा गाळ हळूहळू पचवतात. पण बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगजंतू असतातच. इचलकरंजीत 2012 साली काविळीची मोठी साथ आली, माणसं दगावली. ती हेपेटायटिस ई होती, मैला मिसळलेल्या पाण्यातून पसरणारी. तो विषाणू आपल्या गाळण्यातून सहज पार होतो. आपण पाणी उकळून प्रासुक करून पितो म्हणून आपलं बरं चालतं. पण शेजारच्या बांधावरच्या विहिरीचं पाणी मजूर बायका तसंच पितात, त्यांचं काय?

आपल्या पाच समित्यांमधली पाचवी आठवते ना, उत्सर्ग समिती? मलमूत्र कुठे, कसं टाकायचं, ज्यानं जिवांना पीडा होणार नाही, याचा विचार आपल्या आचार्यांनी चालण्या-बोलण्याच्या रांगेतच मांडला. ते व्रत साधूंचं. गृहस्थाकडून घर बांधताना आरंभी हिंसा होतेच, ती टळत नाही. पण ती कमीत कमी कशी होईल हे बघणं आपल्या हातात आहे.

मी कॉमर्सची. मुलाकडून माहिती काढून घेतली आणि वहीत रकाने आखले.

पहिला पर्याय, दोन शोषखड्ड्यांचा संडास. एक खड्डा भरला की दुसरा चालू करायचा, तोवर पहिल्याचं खत होतं. आपल्या महाराष्ट्रात कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी आणि देहूच्या डॉ. मापुस्करांनी संडासाच्या कामासाठी आयुष्य दिलं. डॉक्टरांना 2017 साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. जोडखड्डा स्वस्त आणि साधा, मुरमाड जमिनीला उत्तम. पण आमची जमीन काळी. पावसाळ्यात पाणी पार वर येतं, तेव्हा खड्डा आणि विहिरीचं पाणी एक व्हायला वेळ लागणार नाही.

दुसरा, तयार पॅकेज प्लांट. हवा सोडणारा ब्लोअर चोवीस तास चालतो. समजा तो 100 वॅटचा धरला, तर दिवसाला 2.4 युनिट, महिन्याला 72. शिवाय शेवटी क्लोरीन, आणि वर्षाला देखभालीचा करार. कोटेशन आमच्या बजेटच्या दुप्पट होतं. सोसायटीला ठीक, पण लाइट गेली की थांबणारी वस्तू शेतातल्या घरात नको वाटली.

तिसरा, पक्क्या तळाची टाकी आणि तिच्यापुढे कर्दळीचा वाफा. नागपूरच्या नीरी संस्थेचं फायटोरिड तंत्र याच जातीचं. पुदुच्चेरीच्या अरविंद नेत्र रुग्णालयातही टाक्या आणि वनस्पतींचा वाफा यांच्या जोडीनं पाणी शुद्ध होतं. आमची गरज सहा माणसांची. माणशी 135 लिटर धरलं तर दिवसाला 810 लिटर पाणी, त्यातलं साधारण 80 टक्के, म्हणजे साडेसहाशे लिटर सांडपाणी. सणासुदीला पाहुणे येणारच म्हणून टाकी दहा माणसांची घेतली. भारतीय मानक 2470 प्रमाणे दोन वर्षांनी उपसायची असेल तर दोन मीटर लांब, 90 सेंटिमीटर रुंद आणि पाण्याची खोली 1.4 मीटर. वर हवेला जागा वेगळी, आणि वास जायला जाळी लावलेला उंच पाइप.

टाकीतून पाणी उताराने वाफ्यात जातं, मोटर नाही. वाफा दहा बाय आठ फुटांचा, खाली आणि बाजूंनी पक्का, आत खडी, वर कर्दळ. पाणी खडीच्या पृष्ठभागाखालीच राहतं, म्हणून डास होत नाहीत आणि औषध फवारायची पाळी येत नाही. मला हा मुद्दा सगळ्यात आवडला. मुळांभोवती आणि खडीवर वाढणारे जीव पाण्यातली घाण खातात. शेवटचं पाणी नारळ आणि चिक्कूला. काकडी-टोमॅटोला नाही, कारण रोगजंतू सगळे गेले असं त्या पाण्याबद्दल म्हणता येत नाही.

मानकात आणखी एक आकडा आहे. पाणी मुरवण्याची जागा पिण्याच्या विहिरीपासून किमान 18 मीटर हवी, म्हणजे साठ फूट. घरामागे ते बसेना. उतरत्या बाजूला, फाटकाजवळच बसत होतं. घरात वादळ झालं. "येणाऱ्या-जाणाऱ्याला आधी संडासाची टाकी दाखवणार का?" असं ह्यांनी विचारलं. जाऊबाईही त्यांच्याच बाजूच्या. मी एवढंच म्हटलं, की मागे केली तर आहाराला पाणी कुठलं आणायचं ते आत्ताच ठरवा. त्यावर कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी ह्यांनी स्वतः टेप घेऊन फाटकापाशी मोजलं, साठाच्या जागी सत्तर फूट भरलं.

फाटकाजवळ असण्याचा दुसरा फायदा नंतर कळला. उपसायच्या गाडीचा पाइप रस्त्यावरून सरळ पोचतो. टाकीत माणूस उतरवायचा नाही, कधीच नाही. आतला वायू क्षणात जीव घेतो. 2013 च्या कायद्यानं तर सुरक्षा साधनांशिवाय कुणाला टाकीत उतरवणं गुन्हाच ठरवलंय. मुंगीला जपणाऱ्या घरानं चार पैसे वाचवायला माणूस उतरवावा, याला काय म्हणायचं? मी गाडीच्या खर्चाची तरतूद दरमहा वेगळ्या पाकिटात ठेवते.

ज्यांचं घर पंचगंगेच्या पूररेषेजवळ आहे त्यांनी आणखी जपायला हवं. 2019 चा महापूर आठवा. टाकी बुडाली की आतलं सगळं गल्लीभर पसरतं. झाकण उंचावर आणि घट्ट हवं.

आता घरातले नियम. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर नाही, फिनेल ओतणं नाही, कारण त्यानं टाकीतले जिवाणू मरतात आणि टाकी नुसता हौद होते. संडास ब्रशने आणि सौम्य साबणाने घासायचा. तेला-तुपाची भांडी आधी रद्दी कागदाने पुसायची. पॅड, कापूस, प्लास्टिक आत टाकायचं नाही. पावसाचं पाणी टाकीत सोडायचं नाही. ताट धुऊन ते पाणी पिण्याची आपली जुनी रीत इथेही उपयोगी पडते. मोरीत खरकटं आणि तेल जात नाही.

घर बांधणार असाल तर गवंड्याला तीनच प्रश्न विचारा: टाकीला तळ आहे का, बाहेर पडणारं पाणी कुठे जातं, आणि आपली किंवा शेजाऱ्याची विहीर-बोअर किती फुटांवर आहे. नकाशावर सही करण्याआधी हातात टेप घेऊन स्वतः मोजा. आम्ही विहिरीच्या पाण्याचा नमुना पावसाळ्याआधी प्रयोगशाळेत तपासून घेतला, अहवाल फाइलला लावलाय. दिवाळीनंतर पुन्हा तपासणार आहे. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवून काय दिसतं ते तुम्हाला कळवीन.