नऊ फुटांची काठी

काठी निवडण्याचा प्रसंग आपल्यावर सहसा येत नाही. गुढीची काठी माळ्यावर असतेच. आजोबांची काठी आजोबांच्या मागे कोपऱ्यात उभी राहते. मास्तरांच्या छडीची निवड तर मास्तरच करतात, त्यात आपले मत कुणी विचारीत नाही. मी मराठीची प्राध्यापिका. साडी निवडायला मला दोन तास पुरतात आणि बी. ए.चे पाठ्यपुस्तक निवडायला दोन बैठका. परंतु गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मासे धरायची एक काठी निवडायला मला तीन दिवस लागले, आणि त्या तीन दिवसांत पस्तीस वर्षांपूर्वीचा एक हिशेब उघडा पडला.

प्रकार असा झाला. माझा थोरला भाऊ अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या एव्हरेट गावी राहतो. सिअ‍ॅटलच्या उत्तरेला, समुद्राच्या आत शिरलेल्या हाताच्या काठी हे गाव आहे. तिथे विमानांचा प्रचंड कारखाना आहे, आणि दादा त्याच धंद्यातला इंजिनियर. दर भाऊबिजेला त्याची ओवाळणी न चुकता माझ्या खात्यात जमा होते. ओवाळायला भाऊ मात्र समोर नसतो. गेल्या वर्षी धीर करून मी जायचेच ठरवले. निघण्याआधी वहिनी फोनवर सहज म्हणाली, "अगं, हल्ली शनिवार आला की हे नदीवर. शेजाऱ्यांची काठी मागून नेतात, आणि रिकाम्या हातानं पण हसत घरी येतात."

'शेजाऱ्यांची काठी' हे दोन शब्द माझ्या मनात काट्यासारखे रुतले. का रुतले ते पुढे सांगेन. या खेपेला ओवाळणी मीच द्यायची आणि ती काठीच द्यायची, एवढे त्या क्षणी ठरून गेले.

आम्ही मालवणकडचे. कर्लीच्या खाडीवर गरवायला जाणारी पोरे मी लहानपणापासून पाहिली आहेत. बेटातला बांबू तोडायचा, चुलीवर शेकून सरळ करायचा, दोरी बांधायची, दोरीला गरी आणि गरीला कोलंबी; झाली काठी! म्हणून मला वाटले होते की दुकानात जावे, 'एक काठी द्या' म्हणावे आणि गुंडाळून घ्यावी. दुकानात पाऊल टाकले तो समोर उसाचा फड उभा राहावा तशा शेकडो काठ्या. मागे एक पांढऱ्या दाढीचे, नाकावर चष्मा ओढलेले गृहस्थ. मी म्हटले, "मासे धरायची काठी हवी आहे." त्यांनी माझ्या साडीकडे पाहिले, चपलांकडे पाहिले आणि अतिशय अदबीने विचारले, "मासा कोणता?"

"सॅमन."

"कोणता सॅमन?"

तोंडी परीक्षेत विद्यार्थ्यांची तोंडे कशी होत असतील ते मला त्या दिवशी कळले. त्या किनाऱ्यावर सॅमनच्या पाच जाती नद्यांत चढतात. सर्वांत मोठा चिनूक, त्याला राजा म्हणतात. अलास्कातल्या केनाय नदीत १९८५ साली गळाला लागलेला एक राजा ९७ पौंडांचा होता. सर्वांत लहान तो गुलाबी. तो एव्हरेटच्या बाजूला बहुतेक विषम सालीच येतो. कोहो रुपेरी, सॉकाय लाल, आणि पाचवा चम. शिवाय स्टीलहेड. हा वस्तुतः समुद्रावर जाऊन आलेला ट्राउट. वॉशिंग्टन राज्याने १९६९ साली त्याला राज्याचा मासा म्हणून मान दिला. हे सगळे मासे गोड्या पाण्यात जन्मतात, समुद्रात वाढतात आणि अंडी घालायला जन्माच्या नदीत परततात. सॅमन परततो तो तिथेच संपतो. स्टीलहेड मात्र कधी कधी अंडी घालून पुन्हा समुद्राला जातो आणि पुन्हा परततो. आमचा दादा या दुसऱ्या जातीचा. तीन-चार वर्षांनी मालवणला येतो, आठ दिवस राहतो आणि परत समुद्रापार.

"कोहो आणि स्टीलहेड," मी वहिनीला फोन करून दुसऱ्या दिवशी उत्तर दिले. दिवाळीच्या सुमारास नदीत कोहो असतो आणि पुढे हिवाळ्यात स्टीलहेड. गृहस्थांचा चेहरा उजळला. त्यांनी एक काठी काढली आणि मुठीच्या वर छापलेली बारीक अक्षरे मला वाचायला लावली.

वाचकहो, त्या एका ओळीत काठीची सगळी कुंडली असते. पहिला आकडा लांबीचा. चमचा फेकून मारायचा असेल तर साडेआठ ते नऊ फूट बरी. तरंगणाऱ्या बोयऱ्याखाली आमिष सोडायचे असेल तर साडेदहा किंवा त्याहूनही अधिक, कारण लांब काठी दोरीला पाण्यावरून उचलून धरते आणि आमिष प्रवाहाबरोबर आपसूक वाहते. दुसरा आकडा दोरी किती पौंड ताणाची असावी याचा. स्टीलहेड-कोहोला आठ ते बारा पौंड चालतात. राजाला त्याच्या दर्जाप्रमाणे वीस-पंचवीस. तिसरा आकडा किती वजनाचे आमिष फेकता येईल याचा. यातला 'चमचा' म्हणजे खरोखरच चमच्याच्या आकाराचा चकाकणारा पत्रा. चमच्याने मासे फसतात हे ऐकून मला नवल वाटले नाही. माणसेही फसतात.

त्यापुढे दोन शब्द होते, आणि तिथे मात्र माझ्यातली भाषेची मास्तरीण जागी झाली. काठी वाकवायला किती जोर लागतो हे एक शब्द सांगतो; ती कुठून वाकते हे दुसरा. एखादी फक्त शेंड्याला लवते आणि खाली ताठ असते, एखादी अर्ध्यातून झुकते, एखादी थेट मुठीपर्यंत कमान होते. आपल्याकडे लवणे, झुकणे, वाकणे, नमणे असे किती शब्द आहेत! पण काठीच्या संदर्भात ते वापरायची पाळी आपल्यावर आली नाही. आपला बाणा एकच : मोडेन पण वाकणार नाही.

मी सहज विचारले, "सर्वांत मजबूत, अजिबात न वाकणारी द्या ना! मासा मोठा असतो म्हणता."

गृहस्थ हसले. "न वाकणारी काठी हवी तर झाडूचा दांडा घ्या. मासा पहिल्या हिसक्याला दोरी तोडील किंवा गरी फाडून जाईल. दहा पौंडांच्या दोरीवर पंधरा पौंडांचा मासा येतो तो कशाने? रीळ थोडी दोरी सोडते आणि काठी वाकते, म्हणून. काठीनं मासा ओढायचा नसतो बाई. काठीनं हिसका सोसायचा असतो."

मग त्यांनी दोन काठ्या माझ्या हाती दिल्या. पूर्वी चांगल्या काठ्या चीनमधल्या टोंकिन बांबूच्या सहा कांबी चिकटवून करीत. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूच्या आल्या आणि १९७०नंतरच्या दशकात ग्राफाइटच्या. काचतंतूची काठी सोशिक आणि जड. ग्राफाइटची हलकी, तल्लख, आणि आपटली तर चटकन दुखावणारी. "डोळे मिटा," ते म्हणाले, आणि त्यांनी शेंड्यावर नखाने टिचकी मारली. काचेच्या काठीतून ती टिचकी पेंगुळल्यासारखी आली. ग्राफाइटमधून ती तळहातावर लख्ख उमटली. "स्टीलहेड दर वेळी हिसका मारतोच असं नाही. कधी वाहती दोरी नुसती थबकते. तेवढं ज्याला कळलं त्याला मासा मिळतो."

तिसऱ्या दिवशी सगळे ठरले. नऊ फूट, दोन तुकड्यांची, आठ ते बारा पौंडांची, शेंड्याला मऊ आणि खाली खंबीर, ग्राफाइटची. पैसे काढायला मी पर्स उघडली आणि गृहस्थांनी शेवटचा प्रश्न विचारला.

"रीळही याच्याबरोबर देतो. भाऊ कोणत्या हाताचे?"

मी गप्प उभी राहिले. उत्तर येत नव्हते असे नाही. ते पस्तीस वर्षे येत होते, म्हणून गप्प राहिले.

दादा डावखुरा. आमचे अण्णा शाळामास्तर, आणि डावा हात त्यांना अजिबात खपत नसे. डाव्या हाताने जेवायचे नाही, लिहायचे नाही, काही द्यायचे नाही, घ्यायचे नाही. जेवताना ते दादाचा डावा हात पंचाने पाटाशी बांधीत. माझ्यावर पहाऱ्याचे काम होते. दादाने डावा हात वापरलेला दिसला की मी जाऊन सांगायचे आणि एक श्रीखंडाची गोळी मिळवायची. मी आठ वर्षांची होते. गोळी आवडण्याचे वय होते, हे खरे. पण काय करतो आहोत हे अगदीच न कळण्याचे वय नव्हते.

खाडीवर मात्र दादाला कुणी विचारीत नसे. तिथे तो डाव्या हाताने गरी फेकायचा, आणि त्याच्याइतकी लांब कुणाची जात नसे. तांबोशी, काळुंदर, काय काय घेऊन यायचा. जेवताना ज्या मुलाचा घास सांडायचा तोच हा मुलगा, हे खरे वाटू नये. एका संध्याकाळी मी अण्णांना सांगितले, "दादा गरवतो तेसुद्धा डाव्या हातानं."

अण्णांनी काठी मागितली आणि गुडघ्यावर धरून मोडायला घेतली. शेकून मुरवलेला बांबू तो. वाकला, कमान झाला, पण मोडेना. जितका मोडेना तितका अण्णांचा राग चढत गेला. शेवटी त्यांनी परसातला कोयता आणून तिचे तीन तुकडे केले. दादा रडला नाही. पुन्हा खाडीवर मात्र गेला नाही. मला त्या रात्री गोळी मिळाली, आणि मी ती खाल्ली.

"डावखुरा आहे," मी दुकानदारांना म्हटले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"मग नशीबवान आहेत!" ते म्हणाले. "काठीला डावं-उजवं नसतंच. असतं ते रिळाला. ही काठीच्या वर बसणारी रिळं बहुतेक उजव्या हातानं फिरवायची असतात. त्यामुळं उजवा माणूस उजव्या हातानं फेकतो आणि लगेच काठी डाव्या हातात घेऊन रीळ फिरवतो. दर फेकीला अदलाबदल. डावखुरा डाव्यानं फेकतो, डाव्यातच धरतो आणि उजव्यानं फिरवतो. बनवलं उजव्यांसाठी आणि सोय झाली डाव्यांची!"

भाऊबिजेच्या सकाळी मी दादाला ओवाळले. त्याने तबकात ओवाळणी टाकली ती उजव्या हाताने. अण्णांची शिस्त पन्नाशीतही सुटलेली नाही. मग मी ते लांब पुडके पुढे केले. कागद फाडून त्याने काठीचे दोन तुकडे जोडले, आणि ती उचलली ती डाव्या हाताने. बराच वेळ तो शेंडा हलवून पाहत होता. बोलला काहीच नाही.

दुपारी आम्ही स्कायकोमिश नदीवर गेलो. पाणी हिरवे, बर्फाच्या आठवणीने गार. दादाने माझ्यासाठीही एका दिवसाचा परवाना काढला होता. तो फेकत होता आणि चमचा पार पलीकडच्या खडकाखाली, हव्या त्या जागी पडत होता. मासा काही लागला नाही. एकदा काठी सुंदर लवली तेव्हा दोघेही ओरडलो. पण तो नदीतला धोंडा निघाला. दादा म्हणाला, इथे पोसलेल्या माशांचा पाठीमागचा छोटा पर सोडण्यापूर्वी कापलेला असतो. पर शाबूत असलेला स्टीलहेड सापडला तर तो जंगलचा, त्याला परत सोडावेच लागते. "सोडायचं ठाऊक असूनसुद्धा माणसं दिवसभर थंडीत उभी राहतात बघ."

मी म्हटले, "दादा, अण्णांना त्या दिवशी मीच सांगितलं होतं."

त्याने दोरी गुंडाळणे थांबवले नाही. "माका म्हायत होतां गो," तो म्हणाला. "श्रीखंडाच्या गोळीचा वास येत होता तुझ्या तोंडाला."

नदी वाहत होती. मी काही बोलावे असे त्याला वाटत नव्हते आणि मला सुचतही नव्हते. थोड्या वेळाने त्याने काठी माझ्या हाती दिली. "धर. तू टाक आता."

मी उजव्या हाताने फेकली. चमचा चार हातांवर पडला. रीळ फिरवायला काठी डाव्या हातात घेतली, पुन्हा फेकायला उजव्या हातात. दर फेकीला ती या हातातून त्या हातात घेता घेता माझी तारांबळ उडत होती, आणि दादा दगडावर बसून पोटभर हसत होता.

"डावा हात लई जड वाटतो ना गो?" तो म्हणाला. "होईल सवय."