जुनं आणि उतरलेलं

जुनी वस्तू आणि उतरलेली वस्तू, यांत फरक आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत, असे सांगितले आहे. आई धुणीभांडी करायची त्या घरातली खेळणी फुकट मिळत होती. तिने ती आणली नाहीत. भंगारवाल्याशी घासाघीस करून लोखंडी तीनचाकी सायकल घेतली, पैसे मोजून! तिच्यावर मी, मग धाकटी बहीण, आता तिची मुलगी. बाबासाहेबांनीही न्यूयॉर्कमध्ये जुनी पुस्तके शोधशोधून विकतच घेतली होती. मग मित्रांनो, जुन्या बाजाराची लाज कसली? परवा तिथूनच भाचीच्या सायकलला घंटी आणली. चाळीस सांगत होता, पंचवीसला दिली.