ड्रायव्हरला कोणी मारलं?

स्टर्नवूड घराण्याचा ड्रायव्हर ओवेन टेलर गाडीसकट समुद्रात सापडतो. खून की आत्महत्या? ‘द बिग स्लीप’ हा १९४६ चा चित्रपट उत्तर न देताच पुढे सरकतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो होतो. कोण कुणाला ब्लॅकमेल करतंय याच्या रेघा ओढता ओढता मध्यंतरालाच मी हात टेकले.

दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सच्या मंडळींनाही हाच प्रश्न पडला होता. पटकथाकारांत साक्षात विल्यम फॉकनर होता. शेवटी मूळ कादंबरीच्या लेखकाला, रेमंड चँडलरला तार गेली. मलाही ठाऊक नाही, असं त्याचं उत्तर!

गोंधळाला सेन्सॉरचाही हातभार आहे. खासगी गुप्तहेर फिलिप मार्लो (हम्फ्री बोगार्ट) हॅटची कड वर वळवून, चष्मा चढवून गायगरच्या पुस्तकांच्या दुकानात शिरतो आणि ‘बेन-हर’ची १८६० ची आवृत्ती मागतो. विक्रेती सरळ ‘नाही’ म्हणते. समोरच्या दुकानातली मुलगी मात्र पुस्तकं चाळून सांगते, अशी आवृत्तीच नाही. खरंच नाही, ‘बेन-हर’ प्रसिद्ध झाली १८८० साली. म्हणजे गायगरचं दुकान नुसता देखावा. पण आतला खरा धंदा कसला? १९३९ च्या कादंबरीत तो अश्लील पुस्तकांचा आहे. हॉलिवूडच्या तेव्हाच्या आचारसंहितेत ते बोलायची सोय नव्हती, त्यामुळे कादंबरी न वाचलेला प्रेक्षक चाचपडतच राहतो.

पुढे डीव्हीडीवर १९४५ ची जुनी प्रतही मिळाली. ही आधी अमेरिकी सैनिकांना दाखवली गेली होती. तिच्यात मार्लो सरकारी वकिलाच्या कचेरीत बसून सगळे धागे नीट उलगडून सांगतो. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि थोड्याच वेळात घड्याळाकडे पाहू लागलो.

१९४६ च्या प्रतीतून उलगड्याचा हा प्रसंग स्टुडिओने कापला. नायिका लॉरेन बकॉलच्या एजंटने तिच्यासाठी दमदार प्रसंग मागितले होते. जानेवारी १९४६ मध्ये पुन्हा चित्रीकरण झालं. रेस्टॉरंटच्या टेबलाशी ती आणि बोगार्ट घोड्यांच्या शर्यतीविषयी बोलतात, आणि त्यांचा विषय घोडे नाही हे कुणालाही कळतं. पडद्याबाहेर एव्हाना दोघांचं लग्न झालेलं होतं.

हिशेब जुळायलाच हवा असेल, तर १९४५ ची प्रत पाहा. चित्रपट म्हणून सरस आहे ती १९४६ चीच.