बार्बरा पिम : चौदा वर्षांचे मौन

इंग्लंडमधील ऑस्वेस्ट्री येथे १९१३ साली जन्मलेल्या बार्बरा पिम यांनी ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्याचे शिक्षण घेतले. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या आंतरराष्ट्रीय आफ्रिकी संस्थेत त्या तिच्या नियतकालिकाच्या संपादनात साहाय्य करू लागल्या. दूरच्या जमातींचे विधी आणि नातेसंबंध नोंदविणारे लेख तपासताना लाभलेली दृष्टी त्यांनी कादंबऱ्यांतून स्वतःच्याच समाजाकडे वळविली. दुपारचा चहा, पाद्रीबुवांसाठी चाललेली धावपळ, अविवाहित स्त्रीला सर्वांनी गृहीत धरणे, हे इंग्लिश मध्यमवर्गाचे विधी त्यांनी मिश्किलपणे, पण माया न आटवता टिपले. ‘एक्सलंट विमेन’सह त्यांच्या सहा कादंबऱ्या १९५० ते १९६१ या काळात प्रसिद्ध झाल्या.

१९६३ साली सातवी कादंबरी प्रकाशकाने नाकारली. इतरांनीही तिचा स्वीकार केला नाही. पुढील चौदा वर्षे त्यांचे एकही नवे पुस्तक निघाले नाही. याच काळात कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, पक्षाघाताचा झटका आला, नोकरीही संपली. लेखन मात्र चालूच राहिले. त्यातून ‘क्वार्टेट इन ऑटम’ साकारली. निवृत्तीच्या उंबरठ्यावरील चार एकट्या सहकाऱ्यांची ही कथा. त्यांतील मार्शा शस्त्रक्रियेतून उठलेली आहे. ती डबाबंद अन्नाचे साठे करते, दुधाच्या रिकाम्या बाटल्या रचून ठेवते आणि स्वतः उपाशी झिजत जाते. लेखिकेचे दुखणे येथे जाणवते. करुणेची याचना मात्र कोठेही नाही.

जानेवारी १९७७ मध्ये ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’ने उपेक्षित लेखकांविषयी मान्यवरांचा कौल घेतला. फिलिप लार्किन आणि लॉर्ड डेव्हिड सेसिल या दोघांनीही पिम यांचे नाव घेतले. त्याच वर्षी ‘क्वार्टेट’ प्रसिद्ध होऊन बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत आली. पारितोषिक मिळाले पॉल स्कॉट यांच्या ‘स्टेइंग ऑन’ला. स्वातंत्र्यानंतर भारतातच राहिलेल्या इंग्रज दांपत्याची ती कथा. तिचाही विषय वार्धक्य आणि एकाकीपणच, हा योगायोग लक्षणीय आहे.

मान्यतेचे सुख पिम यांना जेमतेम तीन वर्षे लाभले. जानेवारी १९८० मध्ये त्या निवर्तल्या. नाकारलेली कादंबरी १९८२ साली प्रकाशित झाली. उशिरा मिळालेल्या न्यायाची कथा म्हणून हे चरित्र सांगितले जाते. परंतु ‘क्वार्टेट’ लिहिली गेली ती न्यायाची चाहूलही नसताना. पिम यांचे मोठेपण त्या कौलाच्या आधीच सिद्ध झालेले होते.