खोडदच्या माळावर

पुण्याहून नाशिकच्या वाटेला लागले, की सुमारे ८० किलोमीटरवर नारायणगाव येते. तमाशाच्या फडांचे गाव म्हणून आपल्याला ते ठाऊक. तेथून आत वळून खोडदला जावे. द्राक्षांचे मळे, उसाची शेते, आणि मध्येच आभाळाकडे तोंड करून बसलेली ४५ मीटर व्यासाची परात! जवळ गेले, की परात कसली, पोलादी तारांची विरळ जाळी. वारा आरपार निघून जातो, म्हणून बांधणी हलकी नि स्वस्त. ही कल्पकता डॉ. गोविंद स्वरूप यांची. अशा ३० जाळ्या मिळून एक रेडिओ दुर्बीण. पसारा २५ किलोमीटरचा. विज्ञानदिनाला येथे प्रदर्शन भरते, मुलांना अवश्य न्यावे. मोबाईल मात्र बंद. आकाशातली रेडिओलहर इतकी क्षीण, की खिशातला फोन तिच्यापुढे ढोलच!

या जाळ्यांच्या मदतीने सुटलेले एक कोडे सांगतो. भुजंगधारी तारकासमूहाच्या दिशेला, ३९ कोटी प्रकाशवर्षांवर, दीर्घिकांचा मोठा थवा आहे. त्यातला वायू इतका तप्त, की क्ष-किरण फेकतो. ते आपल्या हवेत अडतात, म्हणून दुर्बीण अवकाशातच हवी. सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांच्या नावाची ‘चंद्रा’ १९९९ पासून तेथे आहे. तिच्या चित्रात या वायूला एक वक्र कड दिसली; आतून कोणी फुगा फुगवावा तशी. फुगवणार कोण? मधल्या दीर्घिकेतले कृष्णविवर. विवर म्हणजे गिळणारे, एवढेच आम्हा भाषेच्या माणसांना ठाऊक. पण त्याच्याकडे ओढल्या जाणाऱ्या द्रव्यातले काही झोत होऊन उलट बाहेर उसळते. तरी २०१६ साली अभ्यासकांनी ही शक्यता बाजूला ठेवली. एवढ्या फुग्याला लागणारी ऊर्जा त्यांच्या हिशेबात बसेना. हिशेबात बसत नाही म्हणून दिसलेले सोडून द्यायचे काय?

झोतातले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गरगरत रेडिओलहरी देतात. म्हणजे फुगा खरा असेल, तर त्याच्या पोटात रेडिओ हवा. खोडदची आणि ऑस्ट्रेलियातल्या एका रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणे क्ष-किरणांच्या चित्रावर ठेवली, तर रेडिओचा डाग त्या कडेला बिलगून नेमका आत बसलेला! २०२० साली हे प्रसिद्ध झाले. तोवर माहीत असलेला हा सर्वांत प्रचंड स्फोट. त्या पोकळीत आपल्यासारख्या १५ आकाशगंगा ओळीने मावतील.

ते झोत आता थांबलेले दिसतात. थकलेल्या इलेक्ट्रॉनांचा वरचा स्वर केव्हाच विरला, उरला तो खर्ज. आणि खोडदच्या जाळ्या मुळी खर्ज ऐकण्यासाठीच उभारलेल्या.