पहिली जखम सापडल्यावर

स्कॅनमधली एक गाठ माझ्या नजरेतून सुटली, हे मी आता मोकळेपणाने सांगतो. त्यानंतर मी कसा वागलो, ते सांगणं मात्र अजूनही जड जातं.

रुग्ण अपघातातला होता. पोटाच्या सीटीत यकृताला पडलेली चीर स्पष्ट दिसत होती आणि सर्जन फोनवर ताटकळत होते. चीर केवढी, रक्तस्राव किती हे सांगून मी रिपोर्ट दिला आणि यादीतला पुढचा स्कॅन उघडला. पोटाच्या सीटीत फुप्फुसांचा तळही येतो. तिथे उजवीकडे एक लहान गाठ होती. पुढे खोकल्यासाठी रुग्णाच्या छातीचा सीटी झाला तेव्हा ती बरीच वाढलेली होती. जुना स्कॅन काढून पाहिला, तर तिथेही ती होतीच.

एक दोष सापडला की दुसऱ्याचा शोध सैल पडतो, हे रेडिओलॉजीत १९६०च्या दशकापासून अभ्यासलं गेलं आहे. परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. तरी स्वतःवर आलं तेव्हा मी त्याला निष्काळजीपणा म्हटलं आणि लपवलं. विभागाच्या बैठकीत हा स्कॅन मांडलाच नाही. जेवणाची सुट्टी सोडून जास्त वेळ पडद्यासमोर बसू लागलो, जणू डोळे ताणले की प्रायश्चित्त होतं. काही महिन्यांनी एका ज्युनिअरकडून मनगटाचं बारीक फ्रॅक्चर सुटलं. मी सगळ्यांदेखत तिला म्हणालो, "डोळे उघडे ठेवून बघत जा."

ड्रू, वो आणि वुल्फ यांचा २०१३चा प्रयोग मी फार उशिरा नीट वाचला. छातीच्या सीटीत त्यांनी नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं गोरिलाचं चित्र टाकलं होतं. २४ रेडिओलॉजिस्ट गाठी शोधत होते. २० जणांना गोरिला दिसला नाही. त्यांतल्या १२ जणांची नजर थेट त्या जागेवर पडली होती, हे नजरेच्या नोंदींत सापडलं. म्हणजे माझे डोळेही उघडेच असतील. आणि तिचेही होते.

कामाचा वेगही मी कधी हिशेबात धरला नव्हता. मेयो क्लिनिकच्या २०१५च्या अभ्यासानुसार, आठ तासांच्या दिवसात काम उरकायचं तर दर तीन-चार सेकंदांना एक प्रतिमा वाचावी लागते. त्यात फोन येतात, दारात नातेवाईक उभे असतात. थकवा हा मी स्वभावातला कच्चेपणा समजत आलो. तो रुग्णाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे.

एआय आलं की हे ओझं उतरेल, असंही मला वाटत होतं. स्वीडनमधल्या मॅमोग्राफीच्या मोठ्या चाचणीत वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी खरंच कमी झालं. पण कोलोनच्या २०२३च्या अभ्यासात, यंत्राचं म्हणून मुद्दाम चुकीचं वर्गीकरण दाखवलं तेव्हा सर्वांत अनुभवी वाचकांची अचूकताही साधारण ८२ वरून ४६ टक्क्यांच्या खाली आली. यंत्राचं मत शेजारी आलं की आपलं मत झुकतं. म्हणून मी आधी स्वतः वाचतो, मगच ते उघडतो. पहिला दोष सापडला की थांबून फुप्फुसांचा तळ, हाडं, स्कॅनच्या कडा हा क्रम पुन्हा घेतो.

शेवटी तो सीटी मी स्वतःच्या नावानिशी बैठकीत मांडला. त्याच संध्याकाळी त्या ज्युनिअरला फोन केला. ती आता दुसऱ्या गावी काम करते. मी माफी मागितली. ती जरा थांबून म्हणाली, "सर, त्या दिवसानंतर शंका आली तरी मी स्कॅन घेऊन तुमच्याकडे यायचेच नाही." ती आणखी वर्षभर आमच्याकडे होती. तिने एकटीने दिलेल्या रिपोर्टांतले कोणते मी पाहायला हवे होते, हे आता शोधून काढता येणार नाही.