कबनूरच्या वहींतील विमानें

गेल्या माघांत कांहीं घरगुती कामानें कबनूरास जाण्याचा योग आला. कोल्हापूर जिल्ह्यांतील हातकणंगले तालुक्याचें हें गांव इचलकरंजीस अगदीं लागून आहे. इचलकरंजींत १९०४ सालीं पहिला यंत्रमाग आला आणि पुढें हा सारा टापू सुतावर जगूं लागला. कबनूरांतही गल्लोगल्लीं मागांचा खडखडाट चालतो. पाहुण्यास पहिल्या रात्रीं झोंप म्हणून लागत नाहीं.

येथें आमचा एक जुना विद्यार्थी मागांवर जॉबर आहे. त्यानें आग्रहानें चहास नेलें. त्याच्या अकरा वर्षांच्या मुलानें एक वही पुढें ठेविली. तींत चौकटी आंखून त्यानें स्वतःच एक चित्रकथा काढिली होती. विषय होता १९३० सालची विमानांची शर्यत!

इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील अंतर एकट्यानें उडून जाणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकास आगाखानांनीं पांचशें पौंडांचें बक्षीस लाविलें होतें. जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले. सतरा वर्षांचा अस्पी इंजिनियर इंग्लंडहून. दोघांचींही विमानें 'जिप्सी मॉथ': एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्या, उघडी बैठक, शंभर अश्वशक्तीचें इंजिन, वेग फार तर ताशीं शंभर मैलांच्या आसपास. मुलानें पंखांची एकच जोडी काढिली होती. ती चूक आम्हीं दाखविली. जमिनीवर हे पंख मागें दुमडतां येत, हें ऐकून तो हरखला.

इजिप्तमध्यें अबूकीर येथें दोघांची गांठ पडली. अस्पी स्पार्क प्लगांवांचून अडकून पडला होता. टाटांनीं आपल्याजवळचे जादा प्लग त्यास दिले. अस्पी कांहीं तासांच्या फरकानें जिंकला आणि पुढें १९६० सालीं भारतीय वायुसेनेचा प्रमुख झाला. टाटांनीं १९३२ सालीं कराची-मुंबई टपाल विमानानें आणिली.

"प्लग दिले नसते तर टाटाच जिंकले असते ना, आजोबा?" मुलानें विचारलें. "बहुधा," आम्ही म्हणालों, "पण मग तूं हें चित्र काढलें असतेंस का?"

इतक्यांत त्याचा बाप हंसून म्हणाला, "गुरुजी, माझी अशीच वही आपण फाडली होती."

आम्हांस तें तत्क्षणीं आठवलें. रघुवंशाचा तेरावा सर्ग चालला होता. राम पुष्पकांतून सीतेस समुद्र दाखवीत होता. हा मागच्या बांकावर विमान काढीत बसला होता. लक्ष नाहीं म्हणून आम्हीं वहीचे दोन तुकडे केले. वस्तुतः त्या दिवशीं वर्गांत पुष्पकांत बसलेला तो एकटाच होता!

तो हें रागानें बोलला नाहीं. म्हणूनच आम्हांस अधिक लागलें. फाटलेली वही सांधतां येत नाहीं. दुसऱ्या दिवशीं इचलकरंजीच्या बाजारांतून आम्हीं चित्रकलेच्या दोन वह्या आणिल्या. एक मुलास दिली आणि दुसरी त्याच्या बापास.